अकिरा, पण कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जपानीची दुभाषी आहे असं कळलं की लिफ्टमध्येसुद्धा हा प्रश्न येतो: “‘अकिरा’ म्हणजे काय हो?” बहुतेकदा घरात बारसं असतं, आणि तेही मुलीचं. आकारान्त नाव, कानाला गोड. आपल्याला ते मुलीचंच वाटणार. जपानात मात्र हे मुलग्याचं नाव. अकिरा नावाची बाई विरळाच.

‘अकिराका’ म्हणजे स्पष्ट, उघड. तेव्हा नावात उजेड आहे, एवढं खरं. पुढचं सगळं आईबाप कुठली कांजी, म्हणजे कुठलं अक्षर, निवडतात त्यावर. नेहमीची कांजी डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र अशी. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा या चंद्रसूर्याचे. २०१० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले अकिरा सुझुकी दुसऱ्याच अक्षराचे. ते ‘बुन्शो’ म्हणजे लेखन या शब्दातलं. आणि लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९चं तेच नोबेल मिळालेले अकिरा योशिनो? सुझुकींचंच अक्षर, पण उजवीकडे तीन तिरपे फटकारे जास्त.

त्या तीन फटकाऱ्यांनी माझी एकदा फजिती केली. तिकडे ऑफिसात आडनावापुढे ‘सान’ लावून भागतं. पहिलं नाव घरचं. (धाकटं भावंड आलं की घरीही तो ‘ओनीचान’, म्हणजे दादा, होऊन जातो.) त्यामुळे बैठकीच्या नावपाटीवर पूर्ण नाव लिहिताना मी कॉम्प्युटरने पुढे केलेला चंद्रसूर्य टाकून मोकळी झाले. गृहस्थ तीन फटकाऱ्यांचे निघाले. बोलले काही नाहीत. खिशातून पेन काढून पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आपलं नाव सावकाश लिहिलं आणि पाटी फिरवून ठेवली.

तेव्हापासून मी फोनवर आधी अक्षर विचारून घेते. यातल्या काही अक्षरांचा दुसरा उच्चार ‘शो’. म्हणून तेही सांगतात, “‘शोवा’तलं (त्या नावाच्या कालखंडातलं) शो”, “‘बुन्शो’तलं शो”. आपण ‘पोटफोड्या ष’ सांगतो, तसंच. गंमत म्हणजे तिथल्या कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चार मे २०२५पासून नोंदवायला लागले. तोवर नोंद फक्त अक्षरांची.

परवा लिफ्टमधल्या काकूंना यातलं निम्मं सांगून होईतो चौथा मजला आला. “मग नातीचं ठेवू ना?” त्यांनी दार धरून विचारलं.

“ठेवा की. देवनागरीत एकच अकिरा आहे.”