भेटू की बे, पण कुठल्या दाराशी?

सोलापुरात भेटायला पत्ता लागत नाही. ‘संध्याकाळी पार्क चौकात ये की बे’ एवढ्यावर भागतं. संध्याकाळ म्हणजे सहा की आठ, कुणी विचारत नाही. एक फेरी मारली की माणूस सापडतोच. हीच सवय घेऊन शाळेतल्या मित्राला लंडनमध्ये गाठायला निघालं, की भेटीचा पहिला अर्धा तास फोनवर ‘अरे, मी इथंच उभाय’ म्हणण्यात जातो.

कारण तिथं स्टेशनचं नाव म्हणजे पत्ता नव्हे. एजवेअर रोड नावाची भुयारी रेल्वेची दोन वेगवेगळी स्टेशनं आहेत, हॅमरस्मिथ नावाचीही दोन. दोन मित्र आपापल्या एजवेअर रोडवर उभे राहून एकमेकांच्या उशिरा येण्याच्या जुन्या खोडीवर चिडू शकतात. बँक स्टेशनाला तर इतकी दारं की ‘बाहेर आहे’ या वाक्याला अर्थ उरत नाही. तेव्हा एकच असलेली खूण धरावी. वॉटर्लू स्टेशनच्या मुख्य दालनात टांगलेलं चार तोंडांचं घड्याळ चांगलं. सेंट पँक्रसच्या वरच्या मजल्यावर २००७ साली बसवलेला, मिठी मारलेल्या जोडप्याचा ९ मीटर उंच ब्राँझचा पुतळा त्याहून चांगला. तो चुकवायला खास प्रयत्न करावे लागतील. भुयारी रेल्वेत शिरताना भाड्यासाठी बँकेचं जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवावं. खातं एकच असलं तरी फोन आणि प्लॅस्टिकचं कार्ड तिथं वेगळे प्रवासी धरतात, आणि अर्धवट राहिलेल्या दोन्ही प्रवासांचे जास्तीत जास्त दराने पैसे कापले जातात.

विमान बदलताना मधल्या चार तासांत भेटण्याचे बेत बहुधा फसतात. व्हिसा नसेल तर आपण बाहेर जाऊ शकत नाही, तिकीट नसेल तर तो आत येऊ शकत नाही. त्यापेक्षा एक रात्र मुक्काम धरावा.

आता पिशवी. शेंगाचटणी न्यावीच, पण कुटलेली चटणी तेल सोडते. एका पुडीवर भागत नाही. आधी घट्ट झाकणाचा डबा, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ती लाल पूड तपासणीला थांबवते. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, मात्र बॅग आपटली की तिचा चुरा होतो. स्टीलच्या डब्यात उभी रचून डबा सोलापुरी चादरीत गुंडाळला तर दोन्ही वस्तू धड पोचतात. पेढे-बर्फी नेऊ नये: भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चटणी देण्याआधी एक चौकशी जरूर करावी, घरात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का. तिकडच्या बऱ्याच शाळांत मुलांच्या डब्यात शेंगदाणा चालत नाही, हे मित्राला माहीत असतं. चटणी पाहिल्यावर विसरतो. आणि चादर पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवायला सांगावं, नाहीतर त्याचे पांढरे शर्ट गुलाबी होतील.

गप्पांचं म्हणाल तर पहिला तास आपोआप जातो. कोण कुठं, कुणाचं लग्न, कुठले सर गेले. मग एक शांतता येते, आणि समोरासमोर खुर्च्यांवर बसलेल्यांना ती जड जाते. आपल्या मते हॉटेल हीच चूक. चालावं. जूनमध्ये तिथं रात्री नवानंतरही उजेड असतो, डिसेंबरात मात्र चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात भेट सकाळची घ्यावी. नाहीतर त्याच्याबरोबर भाजी आणायला जावं. हाताला काम असलं की बोलणं सुटतं, गड्ड्याच्या जत्रेतल्या त्या भांडणापर्यंतही पोचतं.

सोलापुरात राहिलेल्या तिसऱ्या मित्राला व्हिडिओ कॉल करायचा तर लंडनच्या दुपारीच. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच; मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो. तिथल्या रात्री आठला फोन लावला तर इकडे मध्यरात्र उलटलेली असते. कॉल आधी, ग्रुपवर फोटो नंतर. उलट केलं तर महिनाभर ऐकून घ्यावं लागतं.

निघताना मित्र हमखास आईसाठी एक पिशवी देतो. आत काय आहे ते विचारावं, संकोच करू नये. पॉवर बँक असेल तर ती चेक-इनला चालत नाही, हातातच ठेवावी लागते. घरीच बॅगेचं वजन करून घ्यावं. सोलापुरात आल्यावर पिशवी स्वतः नेऊन द्यावी आणि जेवूनच निघायच्या तयारीने जावं. तो बारीक झालाय का, घरी स्वयंपाक करतो का, परत कधी येणार, हे प्रश्न येणारच. उत्तरं त्याच्याशी आधी ठरवून ठेवावीत, कारण त्याच संध्याकाळी आई त्यालाही फोन करून तेच विचारते.