दर वेळी वेगळा आकडा

आषाढी एकादशीची सकाळ होती. नऊच्या सुमारास रामबागेतून एका आजींचा फोन आला. "ताई, नातवाने कंप्युटर जुळवलाय. पंधरा दिवस झाले, चालू होतो पण त्यात विंडोज काही चढत नाही. पोरगं धड जेवेना झालंय. आज याल का?" इंदुरात घरोघरी जाऊन कंप्युटर दुरुस्त करायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. पण "पोरगं जेवेना" असं कोणी म्हटलं, की बाकीची कामं मागे ठेवून मी आधी तिकडे निघते.

बाहेर पाऊस, आत जुन्या घराची उंच छताची खोली आणि टेबलावर उघडं कॅबिनेट. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा. काही सामान ऑनलाइन मागवलेलं, काही सिल्व्हर मॉलमध्ये फिरून घेतलेलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, माहिती कायमची साठवायला ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी आणि काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, ८-८ जीबीच्या दोन स्टिक. पैसे आजींनी मुदत ठेव मोडून दिले होते, हे त्याने मला दोनदा सांगितलं. एवढी मोठी रक्कम आपल्या हातून वाया गेली, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी कॅबिनेटला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

"हे असंच होतं का रोज?"

"हो ताई. थोडासा करंट येतो. सगळे म्हणाले, नॉर्मल आहे."

नॉर्मल नाही. मी मल्टिमीटर काढला. कॅबिनेट आणि न्यूट्रल यांच्यात १०४ व्होल्ट. मग टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी सॉकेटच्या अर्थच्या छिद्रात लावली, दिवा लागला नाही. तीन पिनांचं सॉकेट भिंतीवर होतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नव्हती. कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, तोंडाशी जो फिल्टर असतो, त्यातले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून येणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो जाणार कुठे? २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. करंट अगदी थोडा, माणसाला झिणझिण्यांपलीकडे सहसा काही होत नाही. पण हा मुलगा पंधरा दिवस प्लग लावलेला ठेवून याच पेटीत हात घालून रॅम काढत-घालत होता. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती याच गोष्टीची. जुन्या घरांत हे मी इतक्यांदा पाहिलंय, की आता पेटी उघडण्याआधी सॉकेट तपासते.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंग नीट होतं. म्हणून टेबलासकट सगळा पसारा तिकडे नेला. आजी ओट्याशी साबुदाण्याची खिचडी परतत होत्या, आम्ही दाराशी बसलो. झिणझिण्या थांबल्या. "इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्या खोलीत अर्थची वायर ओढून घ्या, तोवर तिथे काहीही लावू नका," असं मी आजींना बजावलं.

आता मूळ दुखणं. पहिले तीन दिवस तर स्क्रीनवर काहीच येत नव्हतं, मुलगा सांगू लागला. पंखे फिरायचे, बोर्डावरचा सीपीयूचा छोटा दिवा लाल राहायचा. शेवटी त्याचं त्यालाच सापडलं: प्रोसेसरला वीज देणारी चार-अधिक-चार पिनांची वेगळी केबल बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लावायची राहिली होती. पंखे फिरले की सगळ्याला वीज पोचली असं वाटतं, तसं ते नसतं. दिवा बघून स्वतः शोधलं, हे चांगलं केलंस, असं मी त्याला म्हटलं आणि ते मनापासून म्हटलं.

मग त्याने वही पुढे केली. हिशेबाची, आखीव. आजी गणिताच्या शिक्षिका होत्या. काही बिघडलं की आधी लिहून काढ, हे त्यांनी नातवाला लहानपणापासून लावलेलं वळण. विंडोज चढवण्याच्या अकरा खेपा त्यात तारीखवार होत्या. कोणता पेनड्राइव्ह, किती टक्क्यांवर थांबलं, कोणता कोड आला. १७ टक्के. ६४ टक्के. ४१. पुन्हा ६४, पण कोड वेगळा. २८. ८३. कधी ८००७०२५डी, कधी ८००७०५७०. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, फाइल नीट वाचता आली नाही किंवा खराब निघाली. म्हणून ज्याला विचारलं त्याने पेनड्राइव्ह बदलायला सांगितलं. मुलाने तीन पेनड्राइव्ह आणले. एका दुकानदाराने तर हात न लावताच सांगितलं होतं, "भिया, विंडोज ही करप्ट है."

मी वही दोनदा वाचली. पेनड्राइव्हवरची एखादी जागा खराब असती, तर त्या पेनड्राइव्हवर गाडी दर वेळी साधारण त्याच ठिकाणी अडली असती. इथे एकाच पेनड्राइव्हवर तीन खेपांना तीन वेगळे आकडे होते. विंडोजची मूळ फाइल दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखी असते. ती तुकड्यातुकड्याने रॅममध्ये उलगडते, हिशेब जुळतो का ते पाहिलं जातं आणि मग एसएसडीवर लिहिली जाते. रॅममध्ये एका बिटाचा शून्याचा एक झाला तरी हिशेब चुकतो. आणि कोणता तुकडा रॅमच्या कोणत्या जागी उतरेल हे दर वेळी बदलतं, म्हणून अडण्याची जागाही बदलते. आकडा हलतोय म्हणजे संशय रॅमवर.

तरी आधी माझा पेनड्राइव्ह लावला. त्याच पेनड्राइव्हवरून आदल्या दिवशी दुसऱ्या घरी विंडोज चढवलं होतं. ५२ टक्क्यांवर थांबलं. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी ही सेटिंग बंद केली, म्हणजे रॅम ३२०० ऐवजी आपल्या मूळ, कमी वेगावर चालेल. कधी कधी एवढ्यानेच भागतं. नाही भागलं. ३५ टक्क्यांवर थांबलं.

"ताई, मग बायोस अपडेट करू? मी फाइल उतरवून ठेवलीय, सगळे तेच म्हणतायत."

मी त्याचा हात धरला, अक्षरशः. बायोसची फाइलही आधी रॅममध्येच येते आणि तिथून चिपवर लिहिली जाते. मेमरीवर संशय असताना ते करायला जाणं म्हणजे बोर्डच गमावण्याचा धोका. अशा वेळी बायोसला हात लावायचा नाही, हे मी त्याला वहीत लिहायला लावलं.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम चालू केला. काही मिनिटांत स्क्रीनवर चुकांच्या तांबड्या ओळी येऊ लागल्या. मुलगा बघतच राहिला. मग वीज बंद करून, प्लग काढून, एकेक स्टिक प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून तपासली. ८ जीबीच्या एका फेरीला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात आजी छत्री घेऊन पंढरीनाथाच्या देवळात जाऊन आल्या. पहिली स्टिक स्वच्छ. दुसरी पहिल्याच फेरीत तांबडी. स्लॉटचाही दोष असू शकतो, म्हणून चांगली स्टिक चौथ्या स्लॉटमध्ये लावून आणखी एक फेरी केली. तीही स्वच्छ. खराब स्टिकवर मी पांढरी टेप चिकटवली.

एकाच स्टिकवर विंडोज चढवायला घेतलं तेव्हा चार वाजले होते. ६४ आले तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोलले नाही. ८३ गेले. शंभर झाले, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि नेटवर्क जोडा म्हणून अडून बसलं, पुढे जायचं बटणच नाही. ही अडचण साधी. बोर्डाचं वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजमध्ये नव्हता. मुलाचा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट मशीनला दिलं, आणि काम पुढे सरकलं. डेस्कटॉप आल्यावर तो उठला आणि आजींना हाताला धरून घेऊन आला. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडे बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "आता आधी खिचडी खा."

निघताना सांगून ठेवलं, की जोडी म्हणून घेतलेली रॅम वॉरंटीत बहुतेक दोन्ही स्टिकसकट परत मागतात, तेव्हा काही दिवस मशीन बंद राहील. त्याची हरकत नव्हती. नवी जोडी आली की विंडोज सुरू करण्याआधी रात्रभर मेमटेस्टच्या चार फेऱ्या चालव, असंही म्हटलं.

बारा दिवसांनी पहाटे पावणेपाचला त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. चार फेऱ्या, चुका शून्य. फोटोच्या कोपऱ्यात भिंतीवरचं नवं सॉकेट दिसत होतं आणि त्यातून खाली उतरलेली हिरवी वायर.