मेडिकेअरवर कायरोप्रॅक्टर : पाच व्हिजिट्स पुरवायच्या कशा (माझा अनुभव)

ऑस्ट्रेलियात नवीन आलेले लोक हमखास विचारतात, मेडिकेअर (इथला सरकारी आरोग्य विमा) तर आहे, मग कंबरदुखीसाठी कायरोकडे (कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून उपचार करणारे) फुकट जाता येतं का? फुकट असं नाही, पण थोडेफार पैसे मिळतात, आणि ते मिळवायची एक पद्धत आहे. मी त्यातून गेलेय म्हणून लिहितेय.

आपलं आपण उठून कायरोकडे गेलात तर मेडिकेअर एक सेंटही देत नाही. आधी जीपी (आपला फॅमिली डॉक्टर). तुमचा त्रास क्रॉनिक हवा, म्हणजे किमान 6 महिने असलेला किंवा तेवढा टिकेल असा, आणि केअर प्लॅनची (जुन्या त्रासावरच्या उपचारांचा लेखी आराखडा) गरज आहे की नाही हे शेवटी जीपीच ठरवतो. माझी कंबर बसून काम करून करून कित्येक वर्षं धरलेली, त्यामुळे तिथे काही वाद झाला नाही. फक्त अपॉइंटमेंट घेताना केअर प्लॅनसाठी जास्त वेळ हवाय हे रिसेप्शनला आधीच सांगा, नाहीतर डॉक्टर म्हणतात हे आज नाही जमणार, परत या.

माझा पहिला प्लॅन जुन्या पद्धतीतला, तेव्हा दोन वेगवेगळे कागद असायचे आणि जीपीला आणखी किमान दोन प्रोव्हायडर्सना विचारून त्यांचं मत घ्यावं लागायचं, त्यांचं उत्तर येईपर्यंत मी आपली पेनकिलर खात बसलेले. 1 जुलै 2025 पासून ते बंद झालं. आता एकच प्लॅन आणि साधं रेफरल लेटर, गेल्या 18 महिन्यांत प्लॅन बनवलेला किंवा रिव्ह्यू केलेला असला की चालतं. हे मात्र खरंच सोपं केलंय.

आता खरी मेख. वर्षाला 5 व्हिजिट्स, आणि त्या कायरोच्या 5 नाहीत, सगळ्या मिळून 5! फिजिओ, कायरो, ऑस्टिओपॅथ (हेही हाताने उपचार करणारे), पोडायट्रिस्ट (पायांचे तज्ज्ञ), डायटिशियन, सगळे त्याच पाचात. माझ्या नवऱ्याला डायबेटिस आहे, त्याच्या पाच पाय आणि डाएट बघण्यातच संपतात, वर त्याचीही पाठ दुखतेच, पण त्यासाठी काही उरत नाही. एक आजार असो की चार, आकडा तोच, हे मला अजूनही पटत नाही. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, उरलेल्या पुढे जात नाहीत. किती वापरल्या हे क्लिनिकला नेमकं माहीत असेलच असं नाही, कारण दुसरीकडे वापरलेली त्यांना दिसतेच असं नाही, मी सरळ मेडिकेअरला फोन करून विचारते.

पैशाचं म्हणाल तर एका व्हिजिटला साधारण 60 डॉलर परत मिळतात, व्हिजिट किमान 20 मिनिटांची हवी. क्लिनिक फी हवी तेवढी लावू शकतं, वरचा गॅप आपल्या खिशातून. प्रायव्हेट विम्याचं एक्स्ट्राज (फिजिओ, कायरो वगैरेंसाठीचं कव्हर) असेल तर त्याच व्हिजिटवर दोन्हीकडे क्लेम करता येत नाही, त्यामुळे मेडिकेअरच्या आधी वापरायच्या आणि मग एक्स्ट्राजवर जायचं असं मी ठरवलं, त्यालाही वर्षाची लिमिट असतेच म्हणा.

पहिल्या कायरोने तपासून झाल्या झाल्या आठवड्यातून दोनदा यायचं वेळापत्रक आणि आगाऊ पैसे भरायचं पॅकेज पुढे केलं. मी विचारलं, काही व्हिजिट्सनंतर फरक नाही पडला तर काय? तर म्हणे मग मेंटेनन्स चालू ठेवायचा. म्हणजे बरं वाटलं तरी या, नाही वाटलं तरी या! मी पॅकेज घेतलं नाही. दुसरीकडे गेले, तिथे रेफरल तेच चाललं. त्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं की माझ्याकडे मोजक्याच व्हिजिट्स आहेत आणि मानेला झटका द्यायचा नाही (मानेच्या मॅनिप्युलेशनमध्ये क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन स्ट्रोक येऊ शकतो, क्वचित असलं तरी मला नको). त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, कंबरेवर काम केलं आणि घरी करायचे व्यायाम दिले. उरलेल्या व्हिजिट्स मी फिजिओला दिल्या.

जुन्या कंबरदुखीत मॅनिप्युलेशनचा फायदा साधारण व्यायाम वगैरे बाकीच्या उपचारांइतकाच दिसतो, त्यामुळे सरकारने कायरोला अमर्याद पैसे द्यावेत असं मलाही वाटत नाही. कॅनडात तर ओंटारियोने 2004 मध्ये कायरो सरकारी विम्यातून काढूनच टाकलं, त्या मानाने इथे फिजिओच्या बरोबरीने यादीत तरी आहे.

अजून एक, पहिल्या आणि शेवटच्या व्हिजिटनंतर कायरोने जीपीला रिपोर्ट पाठवायचा असतो. त्याची कॉपी मागून घ्या. माझ्या रिव्ह्यूच्या वेळी जीपीकडे तो पोचलाच नव्हता, माझ्या फोनमध्ये होता म्हणून काम झालं.