आमची वाटचाल आणि ती 312 पॅनल

आमच्या सोलर पॅनल बसवायच्या धंद्याला वीस वर्षं झाली म्हणून पोरांनी आग्रह धरला, काहीतरी लिहा. लिहायला बसलो तर 2011 सोडून दुसरं काही डोळ्यांसमोर येईना. तेव्हा तेच जास्त येईल, आधीच सांगतो.

सुरुवात 2004 ची. मी आणि दादा. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. मोटारी रिवाइंड करणारा माणूस, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याचं भांडवल म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचा एक क्लॅम्प मीटर, तारेचं इन्सुलेशन तपासायचा हाताने फिरवायचा एक मेगर आणि पुढच्याच वर्षी त्याने हट्टाने घेतलेलं क्रिम्पिंग टूल, म्हणजे तारेच्या टोकाला कनेक्टरची पिन दाबून बसवायचं हत्यार. ते टूल पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. दोन वेळा जबडे बदलले, पण टूल तेच. दुसऱ्या कुणाला तो ते देत नाही, मलाही नाही.

जर्मनीने 2000 साली कायदा केला होता: सोलरची वीज ठरलेल्या चढ्या दराने वीस वर्षं विकत घेऊ. मागणी तिकडे वाढली आणि माल आमचा अडला, कारण पॅनल ज्यापासून बनतात ते शुद्ध सिलिकॉन तेवढं बनतच नव्हतं. 2008 मध्ये खुल्या बाजारात ते किलोला 400 डॉलरच्या वर गेलं. त्याच वर्षी एकट्या स्पेनने अडीच हजार मेगावॉटहून जास्त पॅनल बसवली. साऱ्या जगाचं मिळून तेव्हा पंधरा हजार मेगावॉटच्या आसपास होतं, म्हणजे बघा. दोन खोल्यांच्या दुकानाला कोण विचारतो? डीलर म्हणायचा, पैसे आधी, तारीख नंतर. एका कामाला चार महिने थांबलो आणि ते काम गेलं.

त्यातून मी धडा घेतला, आणि नेमका चुकीचा घेतला. 2010 च्या अखेरीस कर्ज काढून 230 वॉटची 312 पॅनल एकदम उचलली. भाव चढणारच, असं माझं गणित. दादा एवढंच म्हणाला, "ठेवणार कुठे?"

तुटवडा बघून जगभर ज्यांनी ज्यांनी सिलिकॉनच्या भट्ट्या टाकल्या होत्या, त्या याच सुमाराला चालू झाल्या. चीनमधले कारखाने वाढतच होते. स्पेनने 2009 साठी नव्या सोलरवर 500 मेगावॉटची मर्यादा घातली होती, मग बाकीच्या युरोपनेही वीज विकत घ्यायचे दर कापले. 2011 संपेपर्यंत पॅनलचा भाव जवळपास निम्म्यावर. गोदामात माल जागचा हलत नव्हता आणि रोज स्वस्त होत होता. एकेकाळी जगात पहिल्या नंबरवर असलेली जर्मनीची सोलर कंपनी क्यू-सेल्स 2012 मध्ये बुडाली, चीनच्या सनटेकची मुख्य कंपनी 2013 मध्ये. लोक मला हे धीर द्यायला सांगायचे. त्यांच्या दिवाळखोरीने माझा हप्ता फिटत नव्हता.

त्यात हा. नाव घेत नाही. तीन वर्षं आमच्याकडे होता, दादाच्या हाताखाली तयार झाला. ऐन 2011 मध्ये वेगळा झाला, नवा माल नव्या भावाने घेतला आणि आमचीच गिऱ्हाइकं गाठली. त्याच्या कोटेशनचा आकडा आमच्या खरेदीच्याही खाली! त्याबद्दल तक्रार नाही, बाजार आहे. तक्रार पॅनलच्या तारा एकमेकींना जोडणाऱ्या कनेक्टरची आहे. नर एका मेकचा, मादी दुसऱ्या मेकची. बसतात, टक् असा आवाजही येतो, पण आतलं माप आणि धातू जुळत नाही. सांधा हळूहळू तापतो. आणि पॅनलची वीज डीसी, तिची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी आपोआप विझत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, डीसीचा जातच नाही. त्याचं एक काम असंच पेटलं. "सोलर पेटतं" अशी बोंब झाली आणि ऑर्डरी कुणाच्या रद्द झाल्या? आमच्या, तीन.

या धंद्यात नवं कुणी वाचत असेल तर ऐका. पकडीने क्रिम्प करू नका. केल्यावर तार ओढून बघा. स्ट्रिंगच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या, व्होल्टेजचा हिशेब 25 अंशांवर नका करू, सगळ्यात थंड सकाळ धरा. गारठ्यात व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर त्याच सकाळी जातो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि पॅनलवर पाय देऊन कुणी चाललं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवा, आतली भेग डोळ्याला दिसत नाही.

एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आमच्याकडे 2005 पासून. लशींचा फ्रिज, 2 ते 8 अंश, त्यात हयगय चालत नाही. बाई स्वतः बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवून प्रत्येक सेलचा आकडा वहीत लिहायच्या. आमच्या पोरांपेक्षा ती वही नीट होती. 2012 मध्ये त्या दुकानात आल्या.

"किती पडून आहेत?"

"बाई, बाहेर निम्म्या भावात मिळतील."

"भाव मला माहीत आहे. किती पडून आहेत ते विचारलं."

24 घेतली, आमच्या खरेदीच्या भावाने. गाडीभाड्यावरून मात्र अर्धा तास घासाघीस केली. बाकीची तोट्यात काढायला आणखी दोन वर्षं गेली. शेवटची अकरा आमच्याच छपरावर आहेत.

2014 ते 2021 कामं झाली, हप्ते फिटले. 2022 मध्ये जगातलं सोलर दहा लाख मेगावॉटच्या पलीकडे गेलं, आणि आता पोरं 550 वॉटचं पॅनल सहज उचलतात. आम्ही मात्र त्या वेळेपासून ऑर्डर हातात आल्याशिवाय माल उचलत नाही. डीलर हसतात.

2023 मध्ये पुन्हा तेच झालं. कारखान्यांनी इतका माल काढला की वर्षभरात भाव परत जवळपास निम्मा. आमच्या गोदामात तेव्हा 18 पॅनल होती. 2011 मध्ये वेगळा झालेल्या त्याचाच फोन आला, बारा वर्षांनी. "साहेब, पाचशे पडून आहेत. काही घेता का?"

मी त्या दिवशीचा भाव सांगितला.

"एवढ्यात मला परवडत नाही, साहेब."

"मलाही परवडत नव्हतं," म्हणालो आणि फोन ठेवला.

दादा समोरच बसला होता, टूलला तेल देत. मान वर न करता म्हणाला, "कनेक्टर कुठल्या मेकचे आहेत ते विचारलंस का?"