ग्लासगोचा पाऊस आणि माशाच्या तोंडातली अंगठी

जूनचा शेवटचा आठवडा होता. नाशिकला मृग कोरडाच गेला होता, आर्द्रा लागूनही आभाळ नुसते भरून येत होते आणि गंगापूर धरणात किती टक्के पाणी उरले आहे याचीच घरोघरी चर्चा होती. अशा दिवसांत आम्ही कॉलेजातल्या तिघी मैत्रिणी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला, आमच्या चौथीकडे पोहोचलो, तेव्हा तिथे पाऊस पडत होता आणि पुढचे चारही दिवस तो थोड्याथोड्या वेळाने पडतच राहिला. आईने फोनवर विचारले, "तिकडे रोज पडतो का गं? थोडा इकडे पाठव की."

पहिल्या सकाळी आम्ही चहाचे कप घेऊन खिडकीशी बसलो, कारण पाऊस उघडला की निघायचे ही आमची जन्माची सवय. बारा वर्षे तिथे राहिलेल्या मैत्रिणीने आमच्या छत्र्या कोपऱ्यात ठेवायला लावल्या, टोपी असलेली जाकिटे हातात दिली आणि म्हणाली, "इथे उघडायची वाट बघत बसलात तर चारही दिवस घरातच जातील." तिचे म्हणणे मला त्या दिवशी रस्त्यावर पटले. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत सगळे देऊन जातो. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे विचारले की पुरते. ग्लासगोत वर्षाकाठी नाशिक शहरापेक्षा जास्त पाऊस पडतो, पण तो बाराही महिने वाटून पडतो, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. आभाळ खाली उतरलेले, हवा गार आणि अंगावर बारीक भुरभुर, अशा दिवसाला तिथे 'ड्रीख' असा एकच शब्द आहे. आपल्याकडे झिमझिम, रिपरिप, संततधार, झड असे पावसाचे कितीतरी शब्द आहेत, पण पाऊस, गारठा आणि उदासपणा एकत्र सांगणारा असा शब्द मला आठवला नाही.

सर्वांत आधी आम्ही तिथल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये गेलो. आजची इमारत बरीचशी तेराव्या शतकातली आहे आणि शहराचा रक्षक मानला जाणारा सहाव्या शतकातला संत मंगो याची समाधी तिच्या तळघरातल्या चर्चमध्ये आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की जाड खांबांची दाटी लागते, उजेड कमी होतो आणि बोलणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. बाहेर आल्यावर पावसाने काळवंडलेल्या त्या भिंतींकडे पाहताना मला श्रावणातले ओले काळाराम मंदिर आठवले. मागच्या टेकडीवर नेक्रोपोलिस ही १८३३ मध्ये सुरू झालेली विस्तीर्ण दफनभूमी आहे. तिथल्या वाऱ्यात आम्ही फार वेळ टिकलो नाही.

पण त्या आवारात एक गोष्ट मिळाली आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. दिव्याच्या एका खांबावर शहराचे मानचिन्ह घडवलेले होते : पक्षी, झाड, घंटा आणि मासा. माशावरून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या तोंडात अंगठी होती. आमच्यातली एक जण तिथल्या तिथे म्हणाली, "अगं, ही तर शकुंतलेची अंगठी!" यजमान मैत्रिणीने मग तिथली कथा सांगितली. राजाने दिलेली अंगठी राणीने एका शिलेदाराला दिली. राजाच्या ते लक्षात आले, तेव्हा शिलेदार झोपेत असताना त्याने ती काढून घेतली, क्लाइड नदीत फेकली आणि राणीकडे ती मागितली. ती न दिल्यास तिला मृत्युदंड ठरलेला होता. राणीने मंगोची विनवणी केली, त्याने एका साधूला नदीवर मासा धरायला पाठवले आणि त्या माशाच्या पोटात अंगठी निघाली. आपल्या कथेत अंगठी राजाला विसरलेली बायको आठवून देते आणि तिकडच्या कथेत ती राणीचा जीव वाचवते, पण दोन्हीकडे राजाने मागितलेला पुरावा बाईनेच द्यायचा असतो. यावर आम्ही चौघी पावसात उभ्या राहून बराच वेळ बोललो. एरवी त्या खांबाला मी फोटो काढून मागे टाकले असते.

शहरातली भुयारी रेल्वे १८९६ ची आहे. स्थानके १५ आणि मार्ग गोल, त्यामुळे जिथे बसावे तिथेच सुमारे २४ मिनिटांत परत येता येते. आम्ही अंग वाळेपर्यंत त्या बुटक्या डब्यात बसून एक प्रदक्षिणा पूर्ण केली. दुपारी केल्विनग्रोव्ह संग्रहालय पाहिले. लाल दगडाची ही वास्तू १९०१ मध्ये खुली झाली, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि दुपारी एक वाजता मधल्या दालनात ऑर्गन वाजतो. तो आम्ही खुर्च्यांवर बसून शेवटपर्यंत ऐकला.

शेवटच्या संध्याकाळी विद्यापीठात गेलो. संस्था १४५१ ची, पण टेकडीवरची आजची इमारत १८७० मध्ये वापरात आली आणि तिचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्याच आराखड्यावर उभा राहिला. आमच्यातल्या एकीने मुंबईत दोन वर्षे त्याच टॉवरखालच्या ग्रंथालयात बसून अभ्यास केला होता. कमानींखाली उभी राहून ती खांबांवरून हात फिरवत होती आणि टोकदार कमानी, बारीक खांबांचे जुडगे, गोल खिडक्या यांतले मुंबईत काय कुठे आहे ते आम्हाला सांगत होती. टेकडी उतरून केल्विन नदीच्या पुलावर आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि त्या पावसातही पुस्तक वाचता येईल एवढा उजेड होता.