येळवशीला डबा हुडकायला: लातूर ते खरोसा

आधीच सांगतो, येळवशीच्या दिवशी दडवलेले डबे हुडकायचा हा उद्योग करू नका. करायचाच असला तर घरून जेवून निघू नका.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी लातूर शहर असं ओस पडतं की गांधी चौकात क्रिकेट खेळून घ्यावं. सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पूजा होते, आंबील शिंपडत शेताला चक्कर मारतात आणि मग जेवण. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. वाटेनं चाललेल्या माणसाला जेवल्याशिवाय पुढं सोडत नाहीत.

आणि आम्ही निघालो होतो जिओकॅशिंगला. मी, चौदा वर्षांचा भाचा आणि माझी जुनी मोटरसायकल.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबा दडवतं, इंग्रजीत त्याला 'कॅश' म्हणतात, आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. दुसऱ्यानं तो जीपीएसवर हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथं, होता तसा ठेवून द्यायचा. आत बारक्यासारक्या वस्तू असतात. एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. 2 मे 2000 ला अमेरिकेच्या सरकारनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आणून सोडायला लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. त्या बादलीत इतर सामानाबरोबर घेवड्याचा एक बंद डबाही होता. आता खायची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे, कारण वासानं जनावरं डबा फोडतात.

आपल्याकडं या खेळाचे ठिपके नकाशावर विरळच. म्हणून आमच्या ओळखीच्या एका सरांनी, ते शाळेत भूगोल शिकवतात, आम्हा सात-आठ जणांपुरते डबे दडवायला सुरुवात केली. नियम मात्र मूळ खेळाचेच: जमिनीच्या मालकाची परवानगी, खड्डा खणायचा नाही, दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर, आणि दडवणाऱ्यानं अधूनमधून जाऊन डब्याची निगा राखायची. शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, हे एक ते पाच अशा दोन आकड्यांत सांगायचं. या डब्याला सरांनी दोन आणि दोन दिले होते. येळवशीचा भार त्यांनी धरला नव्हता.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. या खेळात आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात. फोनच्या नकाशाला दशांशातले अंश लागतात. मिनिटं साठ असतात, शंभर नाहीत. 10 मिनिटं म्हणजे .1667 अंश. मी .10 टाकलं. दिसायला फरक चिल्लर, जमिनीवर सात किलोमीटरच्या वर, सरळ दक्षिणेला. रेखांश भाच्यानं टाकला होता, तो बरोबर निघाला. हे त्यानं परतीच्या वाटेवर किती वेळा ऐकवलं ते विचारू नका. फोनमध्ये अंश-मिनिटांची पद्धत निवडायची सोय असते, ती घरूनच लावून घ्या. नकाशाही घरूनच उतरवून घ्या, डोंगराच्या आड रेंज जाते. आणि बारीक हिशेब लक्षात ठेवा: मिनिटाच्या तिसऱ्या दशांश घरातला आकडा एकनं चुकला तर दोन मीटरही फरक पडत नाही, पहिल्या घरातला चुकला तर पावणेदोनशे मीटरच्या वर.

तर त्या चुकीनं गाडी किल्लारीच्या बाजूला गेली. ठिपका पडला होता एका पडक्या, झाडोऱ्यात गेलेल्या गावठाणाशी. दगडमातीच्या भिंतींचे ढीग, मधून बाभळी. भाचा उत्साहात म्हणाला, "मामा, डबा दडवायला एक नंबर जागा हाय."

त्याचा जन्म 1993 नंतर किती वर्षांनी झाला ते मला माहीत आहे, म्हणून रागावलो नाही. 30 सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, आणि भूकंपानं असल्याच भिंती त्यांच्यावर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. आम्ही गाडी उभी केली, त्याला एवढं सांगितलं आणि वळवली. जुन्या गावठाणात, स्मशानात, दर्ग्यात, देवळाच्या ओट्याला डबा ठेवायचा नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातून घ्यावा लागत नाही.

खरोसा लातूरहून औशामार्गे साधारण 45 किलोमीटर. औशाचा किल्ला वाटेवरच आहे, तो वेगळा दिवस काढून बघा. खरोशाच्या टेकडीत सहाव्या शतकातली लेणी आहेत. खडक आपल्या नेहमीच्या काळ्या दगडासारखा नाही, जांभा आहे, भोकाभोकांचा, हात लावला तर भुगा निघेल असा. त्यामुळं नरसिंह, कार्तिकेय, शिवपार्वती, रावण यांचे चेहरे झिजून गेलेत. कोण कुठला ते ओळखायला उन्हाचा कोन लागतो. सकाळी दहाच्या आत पोचा.

सरांनी लेण्यांत डबा ठेवलेला नाही, आणि तुम्हीही कुठल्याच लेण्यात, किल्ल्यात ठेवू नका. तिथं फक्त मोजायचं असतं. एका लेण्यातले खांब, दुसऱ्या जागी आणखी काही, अशी तीन उत्तरं, आणि ती अक्षांश-रेखांशातल्या रिकाम्या जागी भरली की खऱ्या डब्याची जागा मिळते. उत्तरं सांगणार नाही, सरांनी फोन करून शिव्या दिल्या असत्या. एवढं सांगतो की भिंतीत अर्धवट रुतलेला खांब धरायचा की नाही, यावर मामा-भाच्यात पंधरा मिनिटं भांडण झालं. टॉर्च न्या, फोनचा उजेड पुरत नाही आणि वर बॅटरीही संपते. आत जीपीएस पाहू नका, बाण वेड्यासारखा फिरतो. डोक्यावर उघडं आभाळ असेल तरच तो तीन-चार मीटरवर नेतो. कड्याच्या पायथ्याशी सिग्नल खडकावर आपटून येतो आणि तुम्ही शेजारच्याच्या बांधावर पोचता.

येताना एक पोतं बरोबर होतं, रिकाम्या बाटल्या आणि वेफरच्या पुड्या भरून आणल्या. या खेळात जगभर हा रिवाज आहे: डबा हुडकायला आत, कचरा घेऊन बाहेर.

उत्तरं भरल्यावर बाण टेकडीखालच्या रानाकडं वळला. तिथून डबा सातशे मीटर. हे सातशे मीटर चालायला आम्हाला पावणेतीन तास लागले.

पहिल्या बांधावर एक म्हातारे गृहस्थ कोपीपुढं बसले होते. हातात फोन, नजर जमिनीवर, अशी दोन माणसं बघून त्यांनी हाक मारली.

"काय हुडकायलाव?"

परदेशातले या खेळाचे जाणते सांगतात की आजूबाजूच्या लोकांना पत्ता लागू देऊ नका. बुटाची लेस बांधायचं नाटक करा, पक्षी बघताय असं भासवा. मी ते मनावर घेऊन म्हणालो, "काही नाही बापू, असंच."

मराठवाड्यात कुणी फोन घेऊन शेतातून "असंच" फिरत नाही. बापू उठलेच.

"मोजणीचे हाव का? रोडच्या?"

शक्तिपीठ महामार्गाचं नाव निघाल्यापासून हा प्रश्न थट्टेचा राहिलेला नाही. मी घाईनं नाही म्हणालो. मग भाच्यानं तोंड उघडलं आणि घात केला. "नाय ओ, आम्ही कॅश हुडकायलोत."

कोपीतून आणखी तीन माणसं बाहेर आली.

हा शब्द आपल्या भागात तोंडातून काढूच नका. कॅश म्हणजे रोकडा. रानात रोकडा हुडकणारा एक तर चोर, नाही तर गुप्तधनवाला. अमावस्येच्या दिवशी गुप्तधनवाला म्हणजे लिंबू, नारळ, आणि मागोमाग पोलीस. जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच आलाय आणि लोकांना तो चांगला माहीत आहे. बापूंनी माझ्या सॅकमध्ये काय आहे ते विचारलं. त्यात नेमकी एक छोटी खुरपी होती, दगडाखाली हात न घालता चाचपायला घेतलेली.

शेवटी सरळ सांगितलं. एका सरांनी डबा ठेवलाय, आम्ही तो यंत्रावर हुडकतोय, आत वही आहे, सही करायची, बस. बापूंनी क्षणभर बघितलं.

"आन् सापडल्यावर काय मिळतंय?"

"काही नाही."

"मग जेवा आधी."

तिथं भज्जी (म्हणजे भाज्यांची मिसळ), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), बाजरीची भाकरी आणि मडक्यातली आंबील. पुढच्या रानात पुन्हा तेच, फक्त खीर जास्त. तिसऱ्या रानापर्यंत आमची बातमी आमच्या आधी पोचली होती. "तेच का डबेवाले?" असं विचारून ताट वाढलं. तेव्हापासून मी लपवाछपवी सोडली. गावात शिरताना पाराशी थांबतो, दोन मिनिटं खेळ समजावून सांगतो, मालकाचं नाव घेतो. एका पोराला बरोबर घेतो, त्याला बाण दाखवायला देतो. डबा चोरीला जायची भीती असते ना? ज्या डब्याबद्दल सगळ्या वस्तीला माहीत आहे, तो आमच्याकडं आजवर एकदाही गेला नाही. गेले ते लपवलेलेच.

डब्याचं शेत सरांच्या सासऱ्यांचं. खूण दिली होती: "जुन्या बोरीच्या पायथ्याला, दगडांच्या आड." बोर सापडली. दगडही सापडले. पाच. पांढरेशुभ्र, चुन्यात न्हालेले, पुढं निरांजन.

सरांनी डबा उन्हाळ्यात ठेवला होता. तेव्हा ते नुसते दगड होते. येळवशीला घरच्या बायकांनी नेहमीच्या जागी कोप घातली, तेच दगड पांडव झाले, आणि मागं सापडलेला स्टीलचा डबाही, आता आहेच तर, पूजेत बसला. झाकणावर हळद, कुंकू, एक झेंडूचं फूल.

मी पायातलं काढून बाजूला उभा राहिलो. सरांच्या सासूबाईंना विचारलं, "काकू, डबा उघडू का?"

"उघडा की. तुमचाच हाय म्हणं. पाया पडून उघडा."

आत वही, दोन गोट्या, एक चावीची साखळी, आणि वर नव्यानं ठेवलेली सुपारी व अकरा रुपये. मी एका वकिलांकडं कारकुनी करतो, त्यामुळं नको तिथं कायदा आठवतो. 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं घबाड सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. आम्ही एका रुपयानं वर होतो. डबा जमिनीच्या वर होता म्हणून सुटलो. पैसे आणि सुपारी होते तिथंच ठेवले. भाच्यानं एक गोटी घेतली आणि खिशातलं चिनी भिंग ठेवलं.

सरांना संध्याकाळी कळवलं. त्यांनी डबा त्याच बांधावर दुसरीकडं हलवलाय, नवे आकडे आमच्या मंडळींना दिलेत. तुम्हाला डबा ठेवायचा असेल तर बोरी-आंब्याखालचे, विहिरीकाठचे, एकाच आकाराचे चार-पाच दगड सोडून द्या, ते कधी ना कधी देव होतात. काळ्या रानात जमिनीलगतही ठेवू नका. एप्रिलमध्ये भेगा हातभर खोल पडतात आणि डबा गिळतात, आमचा एक असाच गेलाय. प्लास्टिकपेक्षा स्टील बरं, उंदीर कुरतडत नाहीत. मात्र झाकणाला रबर असू द्या आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत.

सामान फार लागत नाही. हातभर काठी सगळ्यात महत्त्वाची: दगड आधी काठीनं हलवायचा, मग वाकायचं. विंचू आणि फुरसं दोन्ही इथले रहिवासी आहेत, आपण पाहुणे. बूट घोट्याच्या वर, पायमोजे जाड, नाही तर कुसळं काढण्यात रात्र जाते. माणशी तीन लिटर पाणी, येळवस सोडून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. मार्चनंतर दहाच्या पुढं रानात थांबू नका. सापडलं नाही तर वहीऐवजी फोनवर "सापडला नाही" असं प्रामाणिकपणे नोंदवा, त्यावरूनच ठेवणाऱ्याला कळतं की जाऊन बघायला हवं. आणि पेन नेऊ नका. ओलसर कागदावर जेलची शाई पसरते. पेन्सिल न्या, आणि स्वतःचीच न्या. या डब्यातली पेन्सिल काकूंच्या नातवाच्या दप्तरात आहे.