डिग्री सयाजीगंजची, शाळा भायलीची

बडोद्यातल्या मराठी घरांत आंतरराष्ट्रीय शाळेतल्या नोकरीविषयी दोन समज पक्के बसलेले आहेत. एक, तिथं फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचीच वर्णी लागते. दोन, पगार बरा असला तरी प्रायव्हेट ती प्रायव्हेटच, पुढं सरकायला वाव नाही. दोन्ही अर्धेच खरे आहेत. भायली, सेवासी भागातल्या अशा शाळांच्या स्टाफरूममध्ये नंदेसरीच्या कारखान्यात क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, करणारा केमिस्ट भेटतो, होम सायन्स केलेली बालवाडीची बाई भेटते, रिसेप्शनवर लागून परीक्षा विभागात स्थिरावलेली कॉमर्सची पदवीधर भेटते. वर चढत गेलेले कमी, आडवे सरकलेले जास्त. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात एका खोलीचं दार शेजारच्या खोलीत उघडायचं, तशी ही रचना आहे. आणि दार उघडतं ते बहुतेक वेळा कुणाला नको असलेल्या एखाद्या किचकट कामामुळं.

आधी शिक्षकांचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो.

गुजरात बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत पाच-सात वर्षं शिकवलेला माणूस डेमो लेसनला, म्हणजे मुलाखतीतल्या नमुना तासाला, जातो आणि नापास होतो. त्याला वाटतं, इंग्रजी कमी पडलं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: तीस मिनिटांतली पंचवीस तो स्वतःच बोलतो. बी.एड.चं पाठटाचण हेतू, प्रस्तावना, विषयविवेचन, स्वाध्याय या क्रमानं चालतं आणि त्यात मुलांनी काय करायचं याला शेवटी दोन ओळी मिळतात. इथं समोर बसलेली माणसं मुलांकडं बघत असतात, फळ्याकडं नाही.

आठवीला रेषीय समीकरण शिकवायचं आहे असं धरू. व्याख्येनं सुरुवात करू नका. रिक्षाचं भाडं घ्या. ठरावीक अंतरापर्यंत किमान भाडं, पुढं दर किलोमीटरला अमुक. पहिली चार मिनिटं प्रश्न: दोन, पाच आणि नऊ किलोमीटरला किती होतील? पुढची दहा मिनिटं जोड्यांनी तक्ता आणि आलेख. मग आठ मिनिटं चर्चा: रेषा शून्यातून का निघत नाही? किमान भाड्याच्या टप्प्यात ती आडवी का राहते? दर वाढला तर रेषेचं काय होईल, आणि किमान भाडं वाढलं तर काय? y = mx + c फळ्यावर येतं ते इथं, मुलांच्या तोंडून निघाल्यावर. शेवटची पाच मिनिटं एका चिठ्ठीवर एकच प्रश्न. ती गोळा करून त्यावरून उद्या काय शिकवाल हे परीक्षकांना सांगा. उरलेली तीन मिनिटं गडबडीसाठी ठेवा, ती लागतातच. प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद गप्प राहा. ऐकायला सोपं वाटतं. घड्याळ लावून बघा, बहुतेकांना एक सेकंदही धीर निघत नाही आणि उत्तर आपणच देऊन मोकळे होतो.

नोकरी लागल्यावरचा दुसरा अडथळा तपासणीचा. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. त्याच्या एमवायपीत, म्हणजे साधारण सहावी ते दहावीच्या टप्प्यात, प्रत्येक विषयाला ए, बी, सी, डी असे चार निकष, प्रत्येकी कमाल ८, एकूण ३२, आणि त्यावरून १ ते ७ अशी श्रेणी. इथं अर्धा मार्क कापणं हा प्रकारच नाही. निकषाच्या वर्णनाशी मुलाचं काम कुठं जास्तीत जास्त जुळतं ते ठरवायचं. वर्षभरातल्या चार कामांची सरासरी काढून टाकणं ही नव्या शिक्षकाची ठरलेली चूक. सप्टेंबरात ३ वर असलेलं मूल मार्चमध्ये सातत्यानं ६ चं काम करत असेल, तर साडेचार हा आकडा कुणाचीच खरी गोष्ट सांगत नाही.

डीपीत, म्हणजे अकरावी-बारावीच्या टप्प्यात, काम आणखी बदलतं. सहा विषय, सर्वसाधारणपणे त्यांतले तीन हायर लेव्हलला २४० तासांचे आणि तीन स्टँडर्डला १५० तासांचे. सहा विषयांचे ४२ आणि एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधन-निबंध) व टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, ज्ञानाची पारख शिकवणारा विषय) मिळून ३, असे ४५ गुण. विषयाचा अंतर्गत प्रकल्प, म्हणजे आयए, शिक्षक तपासतो आणि त्यातले नमुने बाहेरचे मॉडरेटर बघतात. शिक्षक ढिला किंवा कडक निघाला तर सगळ्या वर्गाचे गुण खालीवर होतात. आणि एक नियम मनावर कोरून ठेवायचा: पूर्ण मसुद्यावर लेखी सूचना एकदाच. आपल्याकडं चांगला मास्तर म्हणजे वही चारदा तपासून, वाक्यं सुधारून देणारा. इथं तेच गैरप्रकारात मोडतं आणि त्यात मुलाचं डिप्लोमा अडकू शकतं. शिक्षकानं प्रेमानं केलेली दुरुस्ती मुलाला महागात पडते, हे पालकांनाही समजावून सांगावं लागतं.

आता प्रयोगशाळा. बडोदं हे केमिकलवाल्यांचं गाव. रिफायनरी, खतकारखाना, नंदेसरीची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. बी.एस्सी. केमिस्ट्री करून शिफ्टमध्ये टायट्रेशन (ठाऊक द्रावण थेंबाथेंबानं घालून दुसऱ्याची तीव्रता मोजणं) करणारे शेकड्यांनी आहेत आणि रात्रपाळीला कंटाळलेलेही कमी नाहीत. शाळेतल्या लॅब असिस्टंटची जागा त्यांना ‘खालची पायरी’ वाटते. माझ्या मते हा चुकीचा हिशेब आहे, कारण डीपीच्या विज्ञान विषयांत स्टँडर्डला ४० आणि हायरला ६० तास प्रयोगांना द्यायचे असतात, आयएला २० टक्के वजन आहे आणि प्रत्येक मुलाचा प्रयोग स्वतःचा असतो. सगळ्यांना एकच मीठ ओळखायला दिलं, असं चालत नाही.

हिशेब करून बघा. एका मुलाला चलाच्या, म्हणजे प्रयोगात बदलायच्या घटकाच्या, पाच किमती, प्रत्येकीच्या तीन फेऱ्या, म्हणजे पंधरा टायट्रेशन. दर वेळी २५ मिली धरले तर ३७५ मिली. रफ वाचनं, ब्युरेट धुणं आणि सांडलवंड धरून अर्धा लिटर. अठरा मुलांपैकी सगळ्यांनी टायट्रेशनच घेतलं तर नऊ लिटर द्रावण, तेही एका तीव्रतेचं नाही. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडला लिटरमागं ४ ग्रॅम लागतात हे पुस्तकात आहे. पण त्या गोळ्या हवेतली ओल ओढतात, वजन करता करता ओघळतात, आणि तयार द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषत बसतं. सोमवारी केलेलं ०.१ गुरुवारी ०.१ राहील याची खात्री नसते. म्हणून ज्या दिवशी प्रयोग त्या दिवशी ऑक्सॅलिक ॲसिडशी ताडून घ्यायचं: ६.३० ग्रॅम स्फटिक लिटरभर पाण्यात, त्यातले २५ मिली, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि २५ मिलीच्या आसपास टिकणारा फिका गुलाबी रंग. आला तो आकडा बाटलीवर तारखेसकट लिहायचा. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड करताना लिटरला सुमारे ८६ मिली तीव्र ॲसिड घेतलं की साधारण १ मोलर होतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड मे महिन्यात फ्रीजबाहेर राहिलं तर त्याची शक्ती उतरते, मग मूल दोन तास ‘अपेक्षेपेक्षा कमी वायू का आला’ यावर डोकं खाजवतं. हे सगळं क्यूसीवाल्याला हातखंडा असतं. बी.एड. झालं नसलं तरी त्यानं जोखमीची नोंदवही, साठ्याचं रजिस्टर आणि दर प्रयोग आधी करून बघितल्याचा कागद ठेवला की दोन वर्षांत शिक्षक त्याला विचारल्याशिवाय आयएचा विषय मंजूर करत नाहीत. पुढं बी.एड. करून शिक्षक व्हायचं की लॅब मॅनेजर म्हणून राहायचं, हा निर्णय तेव्हा हातात येतो. बी.एड. आता सर्वसाधारणपणे दोन वर्षांचं आहे, एवढं धरून चाला.

दुसरी दुर्लक्षित खोली परीक्षा विभागाची. इथं कॉमर्स, बँक, एलआयसीच्या कामातून आलेली माणसं चमकतात, कारण गुण एकच लागतो: दोनदा बघणं. केंब्रिजच्या आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा) गणितात कोअर, म्हणजे सोपी पातळी, घेतलं तर पेपर १ आणि ३, एक्स्टेंडेड, म्हणजे वरची पातळी, घेतलं तर २ आणि ४. कोअरवाल्याला सी च्या वर श्रेणी मिळतच नाही. म्हणजे नोंदणीच्या तक्त्यात एका रकान्याची चूक झाली तर हुशार पोराचा ए स्टार त्या दिवशीच गेला, परीक्षा नंतर कितीही चांगली देऊ दे. आयबीच्या मे सत्राची नोंदणी १५ नोव्हेंबरच्या आत; नंतर विषय किंवा लेव्हल बदललं की जादा शुल्क. अंतर्गत तारीख त्याच्या तीन आठवडे आधी लावा, कारण दिवाळीची सुट्टी नेमकी याच्या मागंपुढं येते आणि पालक गावाला गेलेले असतात.

पेपरची पाकिटं तिजोरीत, तिजोरीची खोली वेगळी, किल्ली ठरलेल्यांकडंच. पाकीट फोडण्याआधी विषयाचा कोड, पेपर क्रमांक, तारीख आणि वेळ दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायची. ‘मीच पाहिलंय ना’ हे वाक्य परीक्षा विभागात धोक्याचं. मे सत्राचे आयबीचे निकाल ५ जुलैला लागतात. त्या दिवशी फोन घेणारी व्यक्ती शांत डोक्याची हवी. हे काम तीन-चार सत्रं नीट केलेली माणसं पुढं सहायक समन्वयक होतात, आणि काही डीपी समन्वयकाच्या खोलीपर्यंतही पोचतात, मात्र तिथं शिकवण्याचा अनुभव बहुतेक शाळा मागतात.

ग्रंथपालांबद्दल बडोद्यानं तरी कमी बोलू नये. सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली इथं आणलं आणि १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवायचा वर्ग सुरू झाला, तोही या शहरात. आजच्या आयबी शाळेत ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा माणूस नाही. ४००० शब्दांच्या एक्स्टेंडेड एसेसाठी संदर्भ कसे शोधायचे, उद्धृत कसं करायचं, एआयनं लिहून दिलेला मजकूर कुठं सांगायचा, हे तो शिकवतो. बी.लिब. असलेल्यांनी मुलाखतीला जाताना यादी नेण्यापेक्षा नववीसाठीचा चाळीस मिनिटांचा संदर्भ-लेखनाचा तास आखून न्यावा.

बालवाडीसाठी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या मानवविकास विभागात शिकलेल्यांना, त्या विभागाच्या चेतन बालवाडीत निरीक्षण केलेल्यांना, पीवायपी (आयबीचा प्राथमिक टप्पा) परकी वाटत नाही. मुलाचं बोलणं जसंच्या तसं टिपून ठेवायची सवय त्यांच्या अंगात असते आणि तेच तिथं पुरावा म्हणून लागतं. हिंदी शिकवणाऱ्या मराठी बायाही बऱ्याच आहेत. त्यांना एकच सूचना: हिंदी बी म्हणजे दुसरी भाषा, त्यात अलंकार-समासापेक्षा ऐकणं, बोलणं आणि मजकुराचा प्रकार ओळखून लिहिणं याला किंमत.

नेमणूकपत्र हातात आलं की तीन गोष्टी आधी वाचा: मूळ पगार किती, नोटीस किती महिन्यांची, आणि आयबी वर्कशॉपच्या खर्चावर बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का. एकूण आकड्यावर भुलू नका. सीव्हीतल्या रिकाम्या वर्षांचं कारण स्वच्छ लिहा: बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, काहीही. या शाळा आधीच्या मुख्याध्यापकांशी थेट बोलतात आणि न सांगितलेली सहा महिन्यांची फटसुद्धा बालसुरक्षेच्या नजरेनं बघतात. पॉक्सो कायद्याखाली (२०१२) मुलावरच्या अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, ड्रायव्हरपासून प्राचार्यांपर्यंत. मुलाखतीत यावर प्रश्न येतोच आणि ‘आधी घरच्यांशी बोलून मिटवू’ हे उत्तर दिलं की मुलाखत तिथंच संपते.

आखातात जायचं मनात असेल तर कागद दोन वर्षं आधी काढा. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) मानतात. दुबई, अबुधाबी आणि कतारसाठी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्या देशाचा दूतावास असा फेरा. डिग्रीचा विषय आणि शिकवायचा विषय जुळायला हवा, एम.ए. इकॉनॉमिक्स आणि शिकवणार गणित, इथं अर्ज अडतो.

पण सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावामुळं. गुजरातच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आणि वडिलांच्या नावाला कारकुनानं ‘भाई’ चिकटवलेलं. पासपोर्टवर ‘भाई’ नाही. कुठं ‘राव’ आहे, कुठं गळालाय. लग्नानंतर आधार सासरच्या नावाचं, डिग्री माहेरची, अनुभवपत्र दोन्हींचं मिश्रण. एक कोरा कागद घ्या, दहावी, बारावी, पदवी, बी.एड., पासपोर्ट, आधार, पॅन, अनुभवपत्रं अशी ओळीनं मांडा आणि प्रत्येकापुढं नाव अक्षर न् अक्षर, इंग्रजी स्पेलिंगसकट, उतरवा. जिथं फरक दिसेल तिथं आधी लग्नाचं प्रमाणपत्र, ते पुरत नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि गुजरात सरकारच्या राजपत्रात नावबदल. पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी, पासपोर्ट सेवा केंद्रातून, कारण शाळा ते ताजंच मागतात. आधी काढून ठेवलं तर दुसऱ्यांदा रांगेत उभं राहावं लागतं.